पाटणादेवीच्या डोंगरावर वणवा अडवणाऱ्या आबांस

आदरणीय आबा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण ज्या आगीबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत ती माझ्याच हातून लागली होती, आणि ही गोष्ट पारावर कुजबुजत फिरण्यापेक्षा माझ्याच तोंडून गेलेली बरी. यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर, मी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटून बांधालगत ढीग घातला आणि भर दुपारी काडी लावली. गुलाबी बोंडअळी वाळलेल्या बोंडांत दडून राहते, म्हणून पऱ्हाटी शेतात ठेवू नये, असे सांगतात, आणि ते खरेच आहे. पण ती जाळायची, तीही दुपारच्या वाऱ्यात आणि अभयारण्याच्या हद्दीला खेटून, हा शहाणपणा माझा स्वतःचा होता.

बांधापलीकडे गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा उतार सुरू होतो. 1986 साली घोषित झालेले हे सुमारे 260 चौरस किलोमीटरचे जंगल चाळीसगावपासून घाटापलीकडे कन्नडपर्यंत पसरले आहे. खाली गवताळ माळ, वर साग, धावडा, सलई. मार्चमध्ये त्या माळावरचे कुसळी गवत पापडासारखे वाळलेले असते, आणि मध्ये मध्ये रोशा गवत असते, ज्याचे तेल आपल्या खानदेशात पूर्वी भट्ट्या लावून काढत. ते तेल जळते कसे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ऐकले म्हणतो, कारण तो तडतडाट डोळ्यांआधी कानांना कळला.

मी आणि माझा पुतण्या आगीच्या पुढे जाऊन ती अडवावी म्हणून डोंगर चढू लागलो. तेवढ्यात खालून तुमची हाक आली, “वर नका पयू, आग तुमनापेक्षा जोरमा चढस!” आम्ही थबकलो. तुम्ही आम्हाला हाताने ओढून, आधीच जळून काळ्या पडलेल्या जागेवर उभे केलेत. पाय पोळत होते, पण तिथे जळायला काही शिल्लक नव्हते. उतारावर ज्वाळा वरच्या गवतावर ओणवी होते, ते आधीच तापवून कोरडे करते, आणि म्हणून दर दहा अंश चढाला वणव्याचा वेग साधारण दुप्पट धरतात, हे मी नंतर वाचले. तुम्ही ते न वाचता जाणत होतात, आणि आम्ही दोघे आज आहोत ते त्यामुळेच.

पुढचे काम मी काळ्या जमिनीवरून पाहिले. तुमच्यासोबत चार जण होते, एक ब्लोअर, दोन कोयते, पाण्याचे कॅन आणि निरगुडीच्या ओल्या डहाळ्या. डहाळी उंच उगारून आपटायची नाही, ठिणग्या उडतात. ती दाबून ओढायची, हे तुम्ही माझ्या पुतण्याला शिकवलेत. माथ्यावर जाळरेषा होती, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून 15 फेब्रुवारीपूर्वी गवत कापून जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. तिच्या खालच्या काठाला तुम्ही उलटा जाळ लावलात. तो उताराने सावकाश खाली सरकत राहिला आणि वर धावणाऱ्या आगीला मध्येच भेटला. त्यानंतर ज्वाळा बसायला फार वेळ लागला नाही. बाजूंची आग मात्र तुम्ही दिवेलागणीपर्यंत झोडपत होतात.

गावातल्या लोकांनी हे सगळे पाहिले आणि वाहवाही केली. त्यांनी न पाहिलेली गोष्ट मला सांगायची आहे. आग विझल्यावर सगळे परतले, पण तुम्ही रात्रभर बॅटरी घेऊन सागाची धुमसणारी खोडे शोधत होतात, राख उकरून हाताच्या पाठीने ऊब चाचपत होतात. खोडात धुमसणारा विस्तव वाऱ्याबरोबर दुसऱ्या दिवशीही पेटतो, एवढेच तुम्ही म्हणालात. पहाटे मी चहा घेऊन आलो, तेव्हा तुम्ही टिटवीच्या जळलेल्या अंड्यांजवळ बसला होतात. मला तुम्ही शब्दानेही बोलला नाहीत. चहा घेतलात आणि वणव्याच्या पंचनाम्यात लिहिण्यासाठी माझे नाव विचारलेत. तुम्ही ते विचारले याचेही मी आभार मानतो. ओळखीपोटी तुम्ही ते टाळले असते, तर मी पुढच्या वर्षी पुन्हा तेच केले असते, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक आहे.

गवत जाळले की नवे हिरवे चांगले फुटते, असे आमच्याकडे अजून पुष्कळ जण मानतात, आणि मीही मानत होतो. राखेवर पहिल्या पावसात हिरवळ दिसते हे खरे, पण सागाची, अंजनाची कोवळी रोपे त्या आगीत जातात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच सरीत आमच्याच नाल्यात उतरते. त्या उताराकडे आता मी रोज पाहतो. सागाच्या बुंध्यांना फुटवे येऊ लागले आहेत. बाकी जमीन अजून काळीच आहे.

येत्या हंगामात पऱ्हाटीची कुट्टी करण्यासाठी भाड्याचे यंत्र आणायचे मी ठरवले आहे, आणि शेजारच्या पाच शेतकऱ्यांनी त्याच्या भाड्यात वाटा उचलायचे कबूल केले आहे. हद्दीलगत माझ्या बाजूने सहा हातांची पट्टी संक्रांतीनंतर मी स्वतः साफ करून देईन. गवत जाळणार नाही, कापून गोठ्यात नेईन.

तुमचा एक पाण्याचा कॅन त्या रात्रीपासून आमच्या गोठ्यात आहे. तो घ्यायला या. घरी सगळ्यांना तुम्हाला भेटायचे आहे.

आपला नम्र,
हद्दीलगतचा एक कापूस उत्पादक