श्रावणातलं पाणी बघून टाकीची जागा ठरव

वूस्टर काउंटी, मॅसॅच्युसेट्स

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी फोनवर म्हणाली, नव्या घराचा पाया दिवाळीनंतर घ्यायचा आणि संडासाची टाकी मागच्या अंगाला, विहिरीच्या बाजूला करायची, कारण तिथे खणायला सोपं. ते ऐकल्यापासून चैन नाही. फोनवर सगळं धड सांगता येत नाही म्हणून लिहितेय. जागेवर चुना टाकण्याआधी हे वाच आणि गवंड्यालाही वाचून दाखव.

आम्ही इथे घर बांधतोय ती जागा शहरापासून लांब आहे. नळाचं पाणी नाही, गटारलाइन नाही. बोअर आपली मारायची आणि मैलापाणीही आपल्याच जमिनीत जिरवायचं. त्यामुळे घराच्या परवानगीआधी मैलापाण्याची परवानगी लागते. ती गावाचं आरोग्य मंडळ देतं. नियम मात्र अख्ख्या राज्याचे, त्यांना इथे सगळे ‘टायटल फाइव्ह’ म्हणतात. आता चालतात ते मुख्यतः १९९५ पासूनचे.

सुरुवात कागदापासून नाही, खड्ड्यापासून होते. गेल्या सप्टेंबरात जेसीबी लावून आठ-नऊ फुटांचे खड्डे घेतले, मुख्य जागेत आणि राखीव जागेतही. हो, राखीव जागा सोडावीच लागते. उद्या पहिली जागा निकामी झाली तर दुसरी हवी, आणि तिच्यावर काही बांधायचं नाही. माती तपासणारा परवानाधारक माणूस आणि मंडळाचा अधिकारी, दोघंही हजर होते. खड्डा कोरडा ठणठणीत. मला वाटलं, काम झालं. त्या माणसाने खड्ड्याच्या भिंतीतलं एक ढेकूळ खुरप्याने काढलं, हातावर फोडलं आणि मला दाखवलं. तपकिरी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके आणि मधे मधे राखाडी डाग. ते ३२ इंचांवर सुरू होत होते. म्हणाला, बर्फ वितळतं तेव्हा पाणी दर वर्षी इथवर चढून थांबतं. खाली हिमनद्यांनी दाबलेला कडक थर आहे, त्यातून ते पटकन उतरत नाही. पाण्याचा थेंब नसताना तो पाण्याची पातळी वाचत होता. त्या मातीला पॅक्स्टन म्हणतात, मॅसॅच्युसेट्सची ती अधिकृत राज्यमाती आहे.

दादा, मला तुला सांगायचंय ते हेच. खणतो त्या दिवशी पाणी कुठे आहे ते इथे धरत नाहीत. वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात ते कुठवर येतं ते धरतात, आणि मैलापाणी जिरवायच्या थराचा तळ त्याच्या चार फूट वर ठेवतात. आमच्याकडे ३२ इंचांवर खूण, म्हणजे तळ जमिनीच्याही १६ इंच वर आला. आता ठरावीक प्रतीची वाळू ट्रकने आणून उंचवटा करायचा आणि त्यात पाइप टाकायचे. खर्च बराच वाढला. पण आमची बोअर त्याच जमिनीत आहे, त्यामुळे घासाघीस करावीशी वाटली नाही.

मग जमीन पाणी किती वेगाने पिते ते बघितलं. फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा. त्यात पंधरा मिनिटं बारा इंच पाणी कायम राखून माती भिजवतात. पुढे पाणी नऊवरून सहा इंचांवर यायला लागणारा वेळ मोजतात. आम्हाला ५४ मिनिटं लागली, म्हणजे इंचाला १८. फार हळू जिरलं तर परवानगी अडते. पण दोन मिनिटांत किंवा त्याआधी इंचभर जिरलं, तर चाराऐवजी पाच फूट अंतर मागतात! घाण मातीतले जिवाणू खातात, त्यांना वेळ मिळायला हवा. पाणी धावत गेलं तर ते न गाळलेलंच विहिरीत उतरतं. आपल्याकडचा जांभा आठव. त्याच्या भेगांतून पाणी कसं गडप होतं! गवंडी म्हणेल, ‘बघा, शोषखड्डा कधी भरतच नाही.’ तीच काळजीची गोष्ट आहे.

टाकीचा हिशोब माणसांवर नाही, झोपायच्या खोल्यांवर असतो. खोलीमागे दिवसाला ११० गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आत-बाहेर. आम्ही नकाशात देवघराला दार-खिडकी दाखवली होती. इंजिनिअर म्हणाला, ही चौथी बेडरूम धरतील. मग दार काढून देवघर दिवाणखान्याला लागून उघडंच ठेवलं. मला ते जास्तच आवडलं, आरतीला सगळे मावतील. टाकी मात्र लहानात लहान १५०० गॅलनची, साधारण ५७०० लिटर. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलंच पाणी पुढे जातं.

अंतरं ठाम आहेत. जिरवायची जागा विहिरीपासून १०० फूट, टाकी ५० फूट. शेजाऱ्याची विहीरही त्यात धरतात. शेजारणीची बोअर हद्दीलगत असल्याने आमचा उंचवटा पार दुसऱ्या टोकाला गेला. परवाना हातात आलाय, तीन वर्षं चालतो. काम मंडळाचा परवाना असलेल्या माणसानेच करायचं, आणि अधिकाऱ्याने बघितल्याशिवाय माती लोटायची नाही.

आता तुझं. टाकी विहिरीजवळ नको. तिला सिमेंटचा पक्का तळ घाल, गावात बरेच जण तळ उघडाच ठेवतात. टाकीतून निघणारं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडू नकोस. शोषखड्डा विहिरीपासून आणि काकांच्या विहिरीपासूनही जमेल तितका लांब ने, शंभर फूट मिळाले तर उत्तमच, आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला. खोल खणण्यापेक्षा उथळ आणि पसरट कर. दोन खड्डे करून आलटून पालटून वापरले तर आणखी बरं. उपसायला गाडीच बोलव, टाकीत माणूस उतरवू नकोस. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे.

श्रावणात चार दिवस सलग पाऊस लागला की कठड्यावरून दोर सोडून विहिरीचं पाणी किती खाली आहे ते माप. मेमधलं माप उपयोगाचं नाही. त्याच दिवशी परसात एक खड्डा घेऊन त्यात पाणी कितीवर लागतं तेही बघ. दोन्ही आकडे आणि जागेचा कच्चा नकाशा पाठव, दोन्ही विहिरी, आगर आणि उतार दाखवून. आमच्या इंजिनिअरला मी विचारून ठेवलंय, तो बघेन म्हणालाय.

आईला नमस्कार सांग, तिचा गुडघा कसा आहे ते कळव. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
छोटी