जाहीर आवाहन : ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी लेकरांची नावे रेशनकार्डावर चढवायची आहेत

गावकरी बंधू-भगिनींनो, आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांनो,
सप्रेम नमस्कार.

दसरा तोंडावर आला. ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) वाटून झाली आहे, दिवाळी उरकली की तांड्यावर ट्रॅक्टर लागतील.

आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना 2012 ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यात आपला बीड नव्हता. पुढच्या वर्षी ती राज्यभर आली. आता 2023 च्या निर्णयाने कुठल्याही रंगाचे रेशनकार्ड चालते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. तरी आपल्या ऊसतोड्यांची कितीतरी लेकरं बाहेरच आहेत, कारण ती उसाच्या फडावर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत) जन्मली. जन्माची नोंद जिथे जन्म तिथेच होते. 21 दिवसांत ती फुकट होते, पण तेवढ्यात बाळंतीण पुन्हा मोळ्या बांधायला लागलेली असते. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी यावं तर नोंद सांगलीकडची नाहीतर कर्नाटकातली. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून कार्डावर नाव नाही.

गेल्या हंगामात वस्तीवरची एक पोर ट्रॉलीवरून पडली. परजिल्ह्यातल्या दवाखान्यात आधी कार्ड मागितलं. बापाने मुकादमाकडून आणखी उचल घेतली. पाय बरा झाला, उचल अजून फिटलेली नाही.

मंडळाने आजवर हाती घेतलेलं काम अर्धवट सोडलेलं नाही, हे आपण जाणताच. हंगामी वसतिगृहाचे पत्रे उडाले तेव्हा पेठेतल्या व्यापाऱ्यांनी एका रात्रीत नवे पत्रे दिले, बिलसुद्धा पाठवलं नाही. आपल्या मुख्याध्यापक गुरुजींनी निवृत्तीनंतर पहिली पेन्शन आणून टेबलावर ठेवली आणि पावतीवर नाव घालू दिलं नाही. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई आपल्या जेवणाच्या सुट्टीत घरोघर याद्या करत हिंडल्या. पिंपरीच्या कारखान्यांत लागलेल्या पोरांनी पहिल्या बोनसमधून प्रिंटर पाठवला, त्याच्यावरच हे पत्रक निघालं आहे. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

पण मनात आहे ते बोलतो. मागच्या वर्षी याच कामासाठी बैठक बोलावली, तर सतरंजी रिकामी राहिली. उत्सवाच्या वर्गणीला आपलं गाव कधी मागे हटत नाही. मग या लेकरांच्या वेळीच का? ही काही परक्यांची नाहीत, याच शाळेच्या पटावरची आहेत.

पैसा लागणार आहे तो प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, फोटो, आणि जन्म झाला त्या तालुक्याला आई-बापासह जाऊन येण्याच्या गाडीभाड्यासाठी. आई-बापाची एका दिवसाची मजुरी बुडते, तीही द्यावी असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. पाचशेपासून पुढे जमेल ते द्या. रोख रक्कम खजिनदारांकडेच, पावती घेऊनच. बाहेरगावच्यांना खाते क्रमांक ग्रुपवर टाकला आहे. पैसे नसतील तर जीप द्या, एक रविवार द्या, फॉर्म भरायला कॉलेजची पोरं पाठवा. शिबिर घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज सकाळी 9 ते 1, मारुतीच्या पारासमोर शाळेत. आई-बापाचे आधार, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड असेल तर तेही आणावं. काहीच नसेल तरी लेकराला घेऊन या. योजनेची चौकशी 155388 वर फुकट होते.

आपला,
सचिव, मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने