मे काकूचं औषध

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अजून ती कॉमिक्स वाचतेस? काय एवढं असतं गं त्यात?" तुम्ही सहज विचारलंत, पण मला सहज उत्तर देता येईना. आई मागून तुमच्या गोळ्यांची आठवण करून देत होती, मग विषय तिथेच राहिला. म्हणून सवडीनं लिहायला बसलेय. पत्र लांबेल, पण दोघांनी मिळून वाचा.

स्पायडर-मॅनचे शेकडो अंक निघाले. त्या सगळ्यांबद्दल नाही सांगत. फक्त तीन अंकांबद्दल सांगते: 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे ३१, ३२ आणि ३३. डिसेंबर १९६५, जानेवारी आणि फेब्रुवारी १९६६. अमेरिकेत तेव्हा असा एक अंक १२ सेंटना मिळायचा. कथानक आणि चित्रं स्टीव्ह डिटकोची, संवाद स्टॅन लीचे. मी आजवर जे काही वाचलंय, नुसती कॉमिक्स नव्हे, सगळंच, त्यात या तीन अंकांची जागा फार वरची आहे.

आई, तुला पीटर पार्कर कोण ते माहीत नसेल. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातला पोरका मुलगा. बेन काका आणि मे काकूनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. किरणोत्सारी कोळी चावला आणि त्याच्या अंगात विलक्षण ताकद आली. १९६२ सालच्या पहिल्याच गोष्टीत त्याच्या समोरून एक चोर पळत जातो. याला सहज अडवता आला असता, पण 'मला काय त्याचं' म्हणून तो बाजूला होतो. पुढे तोच चोर बेन काकांचा जीव घेतो. त्या दिवसापासून हा मुलगा मुखवटा घालून, स्पायडर-मॅन बनून लोकांसाठी झटतो. काकूला यातलं काहीही ठाऊक नाही. ती त्याला नाजूक प्रकृतीचा समजते आणि त्याच्या काळजीत असते.

आता ३१वा अंक. पीटरचा कॉलेजचा पहिला दिवस आणि नेमकी त्याच सुमाराला काकू रुग्णालयात. वर्गातली मुलं ओळख करून घ्यायला येतात. त्यात एक ग्वेन स्टेसी, एक हॅरी ऑस्बोर्न. दोघंही याच अंकात पहिल्यांदा दिसतात आणि पुढे त्याच्या आयुष्यात दोघांना फार मोठी जागा मिळते. पण त्या दिवशी पीटरला त्यांचे शब्द ऐकूच येत नाहीत. तो शेजारून निघून जातो. मुलांना वाटतं, केवढा शिष्ट आहे हा! त्याच्या डोक्यात एकच चाललंय, काकूच्या तपासण्यांचं काय झालं असेल. हा गैरसमज दूर करायला कोणी पुढे येत नाही, पीटरही नाही. लेखकांनी तो तसाच राहू दिला. मला हे फार खरं वाटतं. घरात आजारपण असलं की माणूस बाहेर कसा दिसतो, ते इतकं नेमकं मी क्वचितच वाचलंय.

बाबा, तुमच्या बायपासच्या वेळी मी रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीपाशी उभी होते. हातात चिठ्ठी, पुढे रांग, आणि खिडकीतला माणूस एकेक पाकीट उलटून तारीख बघत होता. ऑफिसातून फोनवर फोन येत होते आणि मी एकही उचलत नव्हते. तेव्हा मला पीटरचा तो कॉलेजातला चेहरा आठवला. डिटकोनं त्याच्या भुवया कशा काढल्यात, नजर कशी कोणाच्याही चेहऱ्यावर न ठरता पुढे गेलेली दाखवलीय, ते सगळं आठवलं. मला त्याचा आधार वाटला.

३२व्या अंकात डॉक्टर सांगतात की काकूच्या रक्तात किरणोत्सारी कण सापडलाय आणि ती वाचेल असं दिसत नाही. तो कण आला कुठून, हे डॉक्टरांना कळत नाही. पीटरला मात्र ताबडतोब कळतं. पूर्वी एकदा, १९६४ सालच्या दहाव्या अंकात, काकूला रक्ताची गरज होती आणि पीटरनं स्वतःचं रक्त दिलं होतं. ज्या रक्तानं त्याला ताकद दिली, तेच आता तिला मारतंय. काकांच्या वेळी त्यानं मदत केली नाही म्हणून ते गेले. काकूच्या वेळी मदत केली, तर ती त्या मदतीमुळेच चाललीय. इतकं क्रूर आणि इतकं चोख कथानक मासिक कॉमिकमध्ये कोणी रचत असेल यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता. दहाव्या अंकातलं ते रक्तदान जाता जाता आलेलं आहे. वाचणारा ते कधीच विसरून गेलेला असतो. डिटको आणि ली विसरले नव्हते.

मग धावपळ. डॉक्टर कॉनर्स नावाचे शास्त्रज्ञ 'आयएसओ-३६' नावाच्या एका द्रव्यावर भिस्त ठेवतात. त्याच्या खर्चासाठी पीटर आपली प्रयोगाची उपकरणं विकून टाकतो. ते द्रव्य वाटेतच एका टोळीच्या हाती लागतं. टोळीचा म्होरक्या निघतो डॉक्टर ऑक्टोपस, पाठीला चार यांत्रिक हात असलेला, पीटरचा जुना वैरी. नदीच्या तळाखाली त्याचा अड्डा. तिथे दोघांची मारामारी होते, अड्डा खिळखिळा होतो आणि एक अवाढव्य यंत्र पीटरवर कोसळतं. ऑक्टोपस निसटतो. औषधाचं नळकांडं समोर पडलेलं, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. छतातून नदीचं पाणी गळायला लागलेलं. इथे ३२वा अंक संपतो. त्या वेळच्या वाचकांनी महिनाभर कसं काढलं असेल कोण जाणे!

आणि आता ती पाच पानं, ज्यांच्यासाठी हे पत्र लिहितेय.

३३व्या अंकाच्या पहिल्या पानावर पीटर यंत्राखाली, एक गुडघा टेकलेला, पाठ वाकलेली. वरचं लोखंड एवढं की तो त्यात हरवून जावा. पुढच्या पानांवर तो जोर लावतो, हरतो, पुन्हा जोर लावतो. मारामारी नाही, शत्रू नाही, धावपळ नाही. एक माणूस, एक वजन आणि वरून टपटपणारं पाणी. अतिमानवांच्या कॉमिकमध्ये पानं मोजून मिळतात आणि प्रत्येक पानात काहीतरी घडवावं लागतं. तिथे डिटकोनं एका माणसाच्या उठण्यासाठी पाच पानं दिली. काकू आणि काकांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे येतात. काकांना मी वाचवू शकलो नाही, आता काकूही माझ्यामुळे जाणार का, हा विचार त्याला सोडत नाही.

चौकटींकडे नीट बघा. सुरुवातीला त्या अरुंद आहेत, पीटर त्यांत कोंडलेला. जसजसं यंत्र तसूतसूनं हलायला लागतं, तसतशा चौकटी मोठ्या होत जातात. त्याचं अंग त्यांत अधिकाधिक जागा घेतं. मग तुम्ही पान उलटता आणि पाचवं पान सबंध एकाच चित्राचं. यंत्र डोक्याच्या वर उचललेलं, चहूकडे पाणी उसळलेलं, आणि पीटर उभा. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, चित्रकार तोच की ज्याची रेघ काढून टाकता येत नाही. या पानांतली एकही चौकट काढून बघा. त्याचं उभं राहणं लगेच स्वस्त होईल.

आई, त्यानं हे केलं कशासाठी? जग बुडत नव्हतं. शहरावर संकट नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईचं औषध वेळेवर पोचायला हवं होतं, बस. स्पायडर-मॅननं नंतर विश्व वाचवण्याचे पराक्रम कितीतरी केले, पण त्याची सगळ्यांत मोठी लढाई कोणती म्हणून विचारलं तर माझ्यासारखे असंख्य वाचक हीच सांगतील. या गोष्टीवर माझा एवढा जीव आहे तो यासाठीच. ज्या ताकदीचा जगाला उपयोग, ती ताकद सगळीच्या सगळी घरच्या एका माणसासाठी पणाला लावणं यात कमीपणा नाही, हे १९६६ साली मुलांच्या मासिकात कोणीतरी इतक्या ठामपणे मांडलं.

यंत्र उचललं म्हणजे संपलं असंही नाही. पाण्याचा लोंढा येतो, पाय दुखावलेला, पुढे ऑक्टोपसची माणसं वाट अडवून उभी. अर्धवट शुद्धीत तो त्यांच्याशी लढतो आणि औषध हातातून सुटू देत नाही. ऑक्टोपस या अंकात त्याच्या हाती लागत नाही आणि गोष्टीला त्याची फिकीरही नाही. खलनायकाला शिक्षा झाली की नाही याच्याशी त्या रात्री पीटरचं काही देणंघेणं नव्हतं. हा निर्णय मला फार धीट वाटतो.

एक गोष्ट मात्र मला कायम अस्वस्थ करते. हे अंक निघत होते तेव्हा ली आणि डिटको यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालेलं होतं. डिटको स्वतःच गोष्ट रचायचे, चित्रं काढायचे, पानं कचेरीत पोचायची, आणि ली त्यांवर संवाद लिहायचे. ज्या पानांनी मला धीर दिला, ती एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांनी केली. ३८व्या अंकानंतर, १९६६ सालीच, डिटकोंनी स्पायडर-मॅन सोडला. पुढे त्यांनी मुलाखती देणंही जवळपास टाळलंच. माझं काम हेच माझं बोलणं, अशी त्यांची भूमिका होती. दोघंही २०१८ साली गेले, काही महिन्यांच्या अंतरानं. ली ९५ वर्षांचे होते, डिटको ९०. कोणाचं श्रेय जास्त यावर चाहते आजही भांडतात. ती पाच पानं मी डिटकोंच्या खात्यावर लिहीन. पण पीटरच्या तोंडचं काकांबद्दलचं बोलणं लीचं आहे, आणि ते काढलं तर पानं मुकी होतील.

या गोष्टीचे पडसाद पुढे उमटतच राहिले. वजनाखाली दबलेला आणि उठू पाहणारा स्पायडर-मॅन पुढच्या चित्रकारांनी पुन्हा पुन्हा काढला. २०१७ सालच्या 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' या चित्रपटात पीटर कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखाली सापडतो, आधी मदतीसाठी हाका मारतो, मग स्वतःलाच हिंमत देत उठतो. तो प्रसंग थेट या पानांवरून घेतलाय. पीटर झालेल्या टॉम हॉलंडनं काम छान केलंय, मला रडू आलं. तरी माझं म्हणणं असं की चित्रपटानं यंत्राचं वजन घेतलं, औषध नाही घेतलं. तिथे तो स्वतःवरच्या विश्वासासाठी उठतो. मूळ गोष्टीत त्याला स्वतःचा विचार करायला सवडच नाही.

आणि ग्वेन. १९७३ साली, १२१व्या अंकात, तिचा मृत्यू होतो. पीटर तिला वाचवू शकत नाही. ते वाचल्यावर मी पुन्हा ३१व्या अंकाकडे गेले, तिच्या पहिल्या दिवसाकडे. जिच्या जाण्यानं पीटर पुढे कोलमडणार, तिच्या समोरून तो त्या दिवशी न बघता निघून गेला. हे लिहिताना कोणाच्या मनातही नसेल. पण मालिका वर्षानुवर्षं चालते तेव्हा जुन्या पानांतही असं नवं काही भरत जातं, आणि म्हणून मी ही पानं परत परत काढते, बाबा.

तिन्ही अंक एकत्र असलेलं पुस्तक उद्या कुरिअरनं पाठवतेय. अक्षर बारीक आहे, आईचा नवा चष्मा लागेल. इंग्रजी सोपं आहे, संवादांचे फुगे डावीकडून उजवीकडे वाचायचे. घाई करू नका. ३२वा संपला की एक दिवस तरी थांबा आणि मगच ३३वा उघडा.

आई, तुला एक काम. शेवटच्या पानांवर काकूचे डॉक्टर आहेत. पीटर जखमी, थकलेला, काकूपाशी येऊन तिला बघून परत निघालाय. काकूसाठी एवढं कोणी केलं हे तिला कळलेलं नाही आणि डॉक्टरांनाही हा साधासुधा मुलगाच वाटतो. माझं मत असं की काकूला थोडी तरी शंका आली असणार. ज्या बाईनं त्याला लहानाचं मोठं केलं तिला एवढे वळ दिसत नाहीत हे मला पटत नाही. माझे कॉमिकवाले मित्र म्हणतात, अजिबात नाही. तू आई आहेस, तुझा निकाल मला चालेल. वाचून झालं की फोन कर.

बाबांच्या रक्ताच्या तपासणीचा कागद आला की फोटो काढून पाठवा.

तुमची लेक