येत्या 1 तारखेपासून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गणपतीत बाबांनी मोजे काढले तेव्हा घोट्याच्या वर उमटलेला खोल वळ मी पाहिला, आईच्या नडगीवर अंगठा दाबला तर पडलेला खड्डा बराच वेळ भरून आला नाही, आणि तरीही परतीच्या गाडीच्या घाईत मी काहीही न बोलता निघून आले, हे मला अजून टोचते आहे. आता दोघांचीही डॉप्लर तपासणी, म्हणजे पायांतील रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, झाली असून गुठळी कोठेही नाही, केवळ शिरांमधील झडपा सैल झाल्या आहेत, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण त्यानंतर मी तुम्हाला न विचारता एक निर्णय घेतला आहे.

येत्या 1 तारखेपासून सकाळी पोळ्यांना बाई येतील. आई, तुझ्या पोळीची सर कोणालाच येणार नाही आणि स्वयंपाकघर तुझेच राहील. फोडणी तूच घाल. परंतु पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम बरेचसे पोटरीच्या आवळण्या-सैलावण्यावर चालते, आणि ओट्यापाशी दीड-दीड तास एका जागी उभे राहिले की पोटरी स्वस्थ बसते व रक्त खाली साचते. एस.टी.च्या 32 वर्षांच्या उभ्या ड्युटीने बाबांच्या पायांचेही तेच केले.

बाबा, रात्रपाळीहून आल्यावर तुम्ही पालथे पडत असा आणि मी भिंत धरून तुमच्या पोटऱ्यांवर चालत असे; "अजून दहा पावले" म्हणता म्हणता तुम्हाला झोप लागे. नातवाला मात्र आता तसे चालू देऊ नका, फुगलेल्या शिरांवर जोराचा दाब नको.

खुर्चीत बसल्या बसल्या दर तासाला पावले 20 वेळा वर-खाली करायची. सकाळ-संध्याकाळ ओट्याचा काठ धरून टाचा सावकाश उचलायच्या व तितक्याच सावकाश टेकवायच्या, 10 वेळा, आणि चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच बसायचे. दुपारी आडवे झाल्यावर पायांखाली दोन उशा घेऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवायचे. डॉक्टरांनी पायांच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून पायांत रक्त आणणाऱ्या वाहिन्या, तपासूनच दिलेले घट्ट मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत, कारण तेव्हा सूज सर्वांत कमी असते. रात्री ते काढावेत. फुगलेल्या शिरा याने नाहीशा होणार नाहीत, पण जडपणा व सूज उतरेल.

एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखू लागला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे; दम लागला किंवा छातीत दुखले, तर 108 ला फोन करायचा. "सकाळी बघू" हे उत्तर मला चालणार नाही. कोल्हापूरची ती रात्र आपण तिघेही विसरलेलो नाही.

तुमची काळजी तुम्हाला घेता येत नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. रविवारी व्हिडिओ कॉल करीन तेव्हा आधी दोघांचे घोटे दाखवा, मग बोलू.

तुमची,
धाकटी