दिवा लागेपर्यंत थांबलेल्या मित्राला

मित्रा,

हे तुला वाचता येणार नाही. तरी मराठीतच लिहितोय. इंग्रजीत मी तुमच्याकडे दिवसाला पन्नास वेळा थँक्यू म्हणायचो, बसच्या ड्रायव्हरला, गल्ल्यावरच्या बाईला. त्याच शब्दात तुझी बोळवण कशी करू?

२००३, थँक्सगिव्हिंगची आदली रात्र. सॅन डिएगोतलं आपलं विद्यापीठ ओस पडलेलं, मेसच्या भांड्यांना आपण दोघंच. लॉस एंजेलिसला आमचे एक लांबचे काका होते. "दिवाळीला ये, घर आपलंच आहे," म्हणाले होते. दिवाळी होऊन गेली, मी व्हॉइसमेलशीच बोलत राहिलो. मन मोकळं करायला म्हणून एका ठिकाणी गेलो, तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. मधले तीन आठवडे काय करायचं, ते काही कोणी सांगितलं नाही.

बस चुकली आणि तू म्हणालास, "चल, सोडतो." तू पाउवेचा. पहिल्यांदा गाव सांगितलंस तेव्हा मला 'पवई' ऐकू आलं होतं आणि मी येड्यासारखा हसत सुटलो होतो. ब्लिंक-१८२ या रॉक बँडची पोरं तुझ्या गावचीच. मला ती फक्त व्हिडिओत नागडी पळणारी टारगट म्हणून ठाऊक. गाडीत त्यांचीच १९९९ची सीडी. सहा गाणी नुसता दंगा, आणि सातवं 'अ‍ॅडम्स साँग'. दौऱ्यावरून परतल्यावर बाकी दोघांची घरी कोणीतरी वाट बघायचं, त्यांच्यातल्या मार्क हॉपसचं घर मात्र रिकामं, त्यातून ते आलं, हे तू सिग्नलला थांबल्यावर सांगितलंस. मी खिडकीबाहेर बघत होतो. हाताला अजून भांड्यांच्या साबणाचा वास येत होता.

बिल्डिंग आली, गाणं संपलं नव्हतं. मी दाराला हात घातला तर म्हणालास, "शेवटचं कडवं ऐकून जा." तिथे गाण्यातला तो खचलेला माणूस उद्याबद्दल बोलायला लागतो. तू काहीच बोलला नाहीस. मला काय झालंय, हेही विचारलं नाहीस. (विचारलं असतंस तर मी "ऑल गुड" म्हणालो असतो.)

उतरताना एवढंच म्हणालास, "वर गेलास की दिवा एकदा बंद-चालू कर."

दोन जिने, किल्ली, बटण. खाली तुझे हेडलाइट दोनदा लुकलुकले आणि मग गाडी निघाली. आई निघताना म्हणायची, "पोचलास की फोन कर." त्यानंतर मी पोचलो की नाही, याची कोणी वाट बघितली ती त्या रात्री.

२०२१मध्ये हॉपसला कॅन्सर झाल्याचं वाचलं, मग बरा झाल्याचंही. काल ते गाणं पुन्हा लावलं आणि घशात आवंढा आला. भली माणसं फार काही करत नाहीत रे, जरा थांबतात.

मी आता परत पवईत. ऑफिसातल्या पोरांना रात्री सोडतो तेव्हा गाडी चालू ठेवून वर बघत बसतो. वॉचमन शिट्ट्या मारतो, इथे गाडी लावायची नाही म्हणून.