तळ न तपासता दिलेल्या तपासणी अहवालाबद्दल तक्रार

दिनांक : ६ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई कार्यालय

विषय : कोची येथे ताब्यात दिलेल्या ३८ फुटी शिडाच्या नौकेचा चुकीचा तपासणी अहवाल, रक्कम परत मिळण्याबाबत

संदर्भ : करारातील ‘आहे त्या स्थितीत’ या कलमाचा आधार घेणारे आपले दिनांक २५ एप्रिल २०२५ चे पत्र

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी १० डिसेंबर २०२४ रोजी फ्रेंच बांधणीची, १९९९ सालची फायबरची शिडाची नौका ४२ लाख रुपयांना विकत घेतली. विक्रीपूर्वी आपण मला १८ ऑक्टोबर २०२४ या तारखेचा तपासणी अहवाल दिला होता. नौका पाण्याबाहेर काढून संपूर्ण तळ तपासला आहे, तळाला नवा अँटिफाउलिंग (कालवे, शेवाळ चिकटू न देणारा) रंग दिला आहे आणि पाण्याखालील सर्व सीकॉक (तळातील भोके बंद-चालू करणाऱ्या झडपा) ब्राँझचे असून सुस्थितीत आहेत, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. यांपैकी एकही विधान खरे नाही, आणि माझ्या तक्रारीचे मूळ हेच आहे.

मी एकतीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात नोकरी केली. २०१० साली भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईत परतले, तेव्हापासून निवृत्तीनंतर पत्नीसह शिडाच्या नौकेवर राहायचे आणि कोकण किनारा, लक्षद्वीप, जमल्यास अंदमान असे सावकाश फिरायचे, हे आम्ही मनाशी ठरवले होते. इंजिन मी स्वतः थंड अवस्थेत सुरू करून पाहिले, तेल तपासले, धूर पाहिला. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु फायबरच्या नौकेचा तळ हा माझ्या अनुभवाचा विषय नव्हे. मालवाहू जहाजाचा पोलादी तळसुद्धा पाच वर्षांत दोनदा पाहावा लागतो हे ठाऊक असल्यामुळे मी २२ नोव्हेंबरच्या ईमेलमध्ये एकच प्रश्न विचारला होता, की नौका खरोखर पाण्याबाहेर काढली होती काय. आपल्या विक्री प्रतिनिधींनी त्याच दिवशी ‘होय’ असे उत्तर दिले आणि अहवाल ताजा असल्याने वेगळा सर्व्हेअर नेमण्याचा खर्च टाळावा, असा सल्लाही दिला. तो सल्ला मी मानला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नौकेवर राहायला गेलो. कोची ते रत्नागिरी या सुमारे साडेचारशे सागरी मैलांच्या प्रवासासाठी विमा उतरवायचा, तर विमा कंपनीने स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल मागितला, म्हणून ९ एप्रिल रोजी नौका क्रेनने उचलून यार्डात ठेवली. ती पाण्याबाहेर आली तेव्हा यार्डातले कामगार काही क्षण नुसते पाहत राहिले. कीलवर (तळाखालच्या वजनदार पात्यावर) आणि सुकाणूवर बोटभर जाडीचे कालवांचे आणि शेवाळाचे थर होते. सहा महिन्यांपूर्वी तळ साफ करून रंग दिलेली नौका अशी दिसत नाही. यार्डाच्या नोंदवहीप्रमाणे ही नौका त्यापूर्वी मार्च २०२२ मध्ये शेवटची वर काढली गेली होती, आणि तेव्हापासून ती कोचीतून हललेली नाही, हे आपणच मला सांगितले होते.

त्या रात्री मी आपला अहवाल पुन्हा काढून छायाचित्रे एकेक करून पाहिली. छायाचित्र क्रमांक ७ मध्ये स्वच्छ निळ्या तळाखाली दोन पात्यांचा, घडी होणारा प्रोपेलर दिसतो. माझ्या नौकेला तीन पात्यांचा स्थिर प्रोपेलर आहे, आणि तो जुनाच आहे, त्यावरही कालवे होती. अहवालातील तळ दुसऱ्या कोणत्या तरी नौकेचा आहे. ही चूक नजरचुकीने झाली असेल असे मानायची माझी अजूनही तयारी होती, परंतु १७ एप्रिल रोजी मी दोन्ही छायाचित्रे पाठवूनही आपल्या उत्तरात त्यांचा साधा उल्लेख नाही.

दोषांपैकी सर्वांत गंभीर सीकॉकचा आहे. सर्व्हेअरने माझ्यासमोर संडासाच्या सीकॉकवर चाकूचे टोक ओढले, तेव्हा पिवळ्याऐवजी फिकट गुलाबी धातू दिसला आणि चाकूबरोबर त्याचा चुराही निघाला. हे ब्राँझ नाही, साधे पितळ आहे. खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त निघून गेले आहे आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरला आहे. पाच सीकॉकपैकी तीन या अवस्थेत आहेत. पाण्याच्या रेषेखाली अर्ध्या मीटरवर ३८ मिलिमीटरचे भोक उघडे पडले, तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी आत येते. त्या सीकॉकपासून हातभर अंतरावर माझी पत्नी तीन महिने झोपत होती.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा ज्या चेनप्लेटला जोडलेल्या असतात, त्यांतील उजव्या बाजूच्या प्लेटभोवती डेकच्या आतले बाल्सा लाकूड ओले होऊन कुजले आहे. पावसाची एक सर आली तरी बाकावरच्या गाद्या ओल्या होत, आणि आम्ही ते खिडकीचे गळणे समजून टॉवेल लावत बसलो होतो. प्लेट बाहेर काढल्यावर डेकच्या जाडीत दडलेल्या भागात गंजाचे खड्डे आणि एक बारीक चीर दिसली. स्टेनलेस स्टील हवा न लागता ओलाव्यात राहिले की असेच आतून खाल्ले जाते, म्हणूनच जुन्या नौकेत ही जागा आधी पाहतात. आतल्या फळीवरचा तपकिरी ओघळ मात्र ताज्या पांढऱ्या रंगाने झाकलेला होता. तो रंग कोणी व केव्हा दिला, याचा लेखी खुलासा मला हवा आहे.

तळावर ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरच्या थरांत पाणी झिरपून येणारे, फोडही आहेत. एक फोड उघडल्यावर अंगठ्यावर आलेल्या द्रवाला व्हिनेगरसारखा वास होता. ऑस्मोसिसने नौका बुडत नाही हे मला मान्य आहे. परंतु जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) सोलून, तळ कित्येक महिने वाळवून त्यावर इपॉक्सी द्यावे लागते, आणि केरळच्या पावसाळ्यात हे काम बंद शेडशिवाय होऊ शकत नाही. सर्व दुरुस्तीचा यार्डाचा अंदाज १४ लाख ६० हजार रुपये आहे.

आपल्या पत्रात करारातील ‘आहे त्या स्थितीत’ या कलमाचा आधार घेतला आहे. ते कलम मी वाचून सही केली आहे आणि त्याचा मान ठेवतो. विटलेली शिडे, जुन्या बॅटऱ्या आणि फेब्रुवारीत बंद पडलेला आल्टरनेटर यांचा खर्च मी एका शब्दाने न कुरकुरता केला, कारण वापरलेल्या नौकेत ते गृहीतच असते. परंतु ‘आहे ती स्थिती’ कोणती, हे ज्या कागदावरून मी समजून घेतले, तो कागद आपण दिलेला होता. स्थितीचे खोटे वर्णन करून त्या स्थितीचीच ढाल पुढे करता येणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी की, आपण नौका परत घेऊन ४२ लाख रुपये, आणि नौका उचलणे, यार्डाचे भाडे व सर्व्हेअरची फी मिळून आजपर्यंत झालेला १ लाख ८५ हजार रुपयांचा खर्च मला परत करावा. हे शक्य नसल्यास, दोघांना मान्य असलेल्या सर्व्हेअरच्या देखरेखीखाली दुरुस्तीचा पूर्ण खर्च कंपनीने उचलावा. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांबद्दल मी राहत असलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

अहवालाची प्रत, दोन्ही प्रोपेलरची छायाचित्रे, यार्डाच्या नोंदीचा उतारा, सर्व्हेअरचा अहवाल आणि ईमेल सोबत जोडले आहेत. काढलेली चेनप्लेट आणि एक सीकॉक मी यार्डात जपून ठेवले आहेत. पाऊस सुरू झाल्यावर डेकची तपासणी नीट होणार नाही, तेव्हा आपल्या तांत्रिक प्रतिनिधीस २० मेपूर्वी कोचीला पाठवावे. मी तोपर्यंत तेथेच आहे.

आपला,
(सही)
नौकेचा खरेदीदार, रत्नागिरी