महसूलमंत्र्यांना खुले पत्र: गुंठा नियमित करताना रस्ताही मोजा

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

9 जुलै 2025 रोजी आपण विधानसभेत जाहीर केलेत की नागरी भागातले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे तुकडेबंदी कायद्यातून, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकड्यांचे व्यवहार रोखणाऱ्या कायद्यातून, मोकळे होणार. या घोषणेला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. 1947 चा हा कायदा शेतीसाठी होता. पुण्याच्या कडेला जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठ्यांची अट सांभाळायची म्हणून एकमेकांना न ओळखणारी दहा-अकरा माणसे एकाच सातबाऱ्यावर सामाईक नावे लावून बसली आहेत. त्यांची सुटका व्हायलाच हवी.

हे पत्र फुरसुंगीतून लिहितो आहे. 2017 पर्यंत आमची ग्रामपंचायत होती, मग पुणे महापालिका आली आणि सप्टेंबर 2024 पासून फुरसुंगी-उरुळी देवाची नगरपरिषद. आपण घोषणा केलीत तेव्हा पहिली निवडणूक व्हायची होती, कारभार प्रशासकाकडे होता. ठराव करून आपल्याला काळजी कळवावी तर सभागृहच नव्हते, म्हणून घरपट्टी भरणाऱ्याने लिहायचे.

काळजी रस्त्याची आहे. प्लॉटिंग करताना एजंट जो नकाशा दाखवतो, त्यात वीस फुटी रस्ता असतो. त्या कागदावर ना नगररचनेचा शिक्का, ना मोजणी. खरेदीखतात येतात ते प्लॉटचे गुंठे. रस्त्याचे क्षेत्र मूळ मालकाच्याच सातबाऱ्यावर राहते. पुढे कुणी ओटा काढतो, कुणी पाण्याची टाकी बांधतो, कुणी गाडीला शेड घालतो, आणि वीसाचे बारा फूट होतात. मालकाच्या मुलांची वाटणी झाली की तो रस्ता कुणाच्या तरी हिश्शात जातो आणि एके दिवशी तिथे पत्रे लागतात. नगरपरिषदेला डांबर टाकायचे, ड्रेनेजची लाइन न्यायची, तर जागा खासगी. अग्निशमनचा बंब आत वळत नाही. मैला उपसणारी गाडी तेवढी जाते, तीसुद्धा ड्रायव्हर सराईत असला तर.

आपल्या निर्णयानंतर प्रत्येक गुंठ्याचा सातबारा वेगळा होईल. बँका कर्ज देतील. 1,089 चौरस फुटांवर आज जिथे पत्र्याच्या दोन खोल्या आहेत तिथे तीन मजले चढतील आणि परवानगीचा अर्ज येईल नगरपरिषदेकडे. लोकांनी घर बांधावे, त्यात वाईट काहीच नाही. पण कागद महसूल खात्याने साफ करायचे आणि त्या बारा फुटांतून पाणी, गटार, कचरागाडी नेण्याचे काम नगरपरिषदेने निस्तरायचे, ही वाटणी बरी नव्हे. उन्हाळ्यात टँकर बोलावणाऱ्या गावाला ती झेपणारही नाही.

म्हणून मागणी अशी: पोटहिस्सा मोजणी, म्हणजे गटातल्या प्रत्येक तुकड्याची वेगळी मोजणी, होईल तेव्हाच रस्त्याची पट्टी वेगळी मोजा आणि ती नगरपरिषदेच्या नावे लावा. मूळ मालकाने प्लॉटच्या भावात रस्त्याचेही पैसे घेतलेले असतात, तेव्हा त्याची सही मागण्यात अन्याय नाही. तो अडून बसला तर त्या गटातले त्याचे उरलेले क्षेत्र विकायला रोखा. खरेदीदाराला मात्र खोळंबवू नका, त्याची आयुष्याची कमाई आधीच तिथे अडकली आहे.

शुल्काबद्दल थोडे. 25 टक्क्यांचे नियमितीकरण शुल्क आपल्या घोषणेआधीच पाच टक्क्यांवर आले होते. उरलेलेही माफ करायचे असेल तर जरूर करा. घेणार असाल तर त्यातला मोठा वाटा त्याच गल्लीच्या रस्त्यासाठी नगरपरिषदेकडे द्या.

आणि 1 जानेवारी 2025 पर्यंत पडलेल्या तुकड्यांनाच सवलत, ही आपल्या घोषणेतली मुदत. मागची तारीख टाकून नोटरी करून मिळत नाही, असे आपल्यालाही वाटत नसेल. म्हणून पुराव्याला वीजबिल पाहा, घरपट्टी पाहा. आमची घरपट्टी मात्र तीन दप्तरांत विखुरली आहे: ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीचा उतारा), महापालिकेची आकारणी आणि आताची नगरपरिषद. हे उतारे कार्यालयांनी एकमेकांकडून मागवावेत, नागरिकाला फिरवू नये, असे नियमातच लिहा.

कार्यपद्धती 15 दिवसांत ठरणार असल्याचे आपण सांगितलेत. ती अंतिम होण्याआधी एखाद्या छोट्या नगरपरिषदेचा मुख्याधिकारी आणि भूमी अभिलेखचा एक भूकरमापक (जमीन मोजणारा कर्मचारी), दोघांना ती ठरवणाऱ्या समितीसमोर बोलवा. सामाईक सातबाऱ्यातला रस्ता जागेवर कसा शोधायचा, हे भूकरमापकाकडून ऐकायला अर्धा तास पुरेल.

कळावे,
फुरसुंगीतील एक घरपट्टीदार